येशूला नालंदेत पाठवू नका



6 डिसेंबरची चैत्यभूमीवरची गर्दी ओसरते, आणि नाताळ जवळ आला की आपल्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर हमखास उगवतो. मजकूर असा : बायबलमध्ये येशूच्या बाराव्या वर्षानंतर एकदम तिसाव्या वर्षाच्या आसपासचीच हकिगत आहे. मधली वर्षं गेली कुठे? तर तो भारतात आला, नालंदेत शिकला, भिक्खू झाला, ब्राह्मणांशी भांडला आणि परत जाऊन करुणेचा उपदेश करू लागला. लडाखच्या हेमिस मठात त्याची पोथी आहे, श्रीनगरात त्याची कबर आहे. म्हणजे ख्रिस्ती धर्म हा आपल्या धम्माचाच एक फाटा. खाली लाल अक्षरांत : हे सत्य दडपलं गेलं आहे, पुढे पाठवा.

आमच्या मानपाड्याच्या अभ्यासवर्गाच्या गटावर हा मजकूर एकाच आठवड्यात चार जणांनी टाकला. (घोडबंदर रस्त्यावरचा मानपाडा. डोंबिवलीच्या मानपाडा रोडवाल्यांनी हसू नये, त्यांच्याही गटावर आलाच असणार.) चौघंही शिकलेली, चळवळीत राबणारी पोरं. म्हणून हा लेख. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो : हा मजकूर खोटा आहे, आणि खरा असता तरी आपल्या कामाचा नव्हता. उलट तो आपल्याकडून एक असं काम करून घेतो, जे दुसऱ्यांनी आपल्याबाबत केलं तेव्हा आपण रस्त्यावर उतरलो.

आधी खोटेपणाचं पाहू, ते लवकर उरकतं. निकोलस नोटोव्हिच नावाच्या रशियन लेखकानं 1894 साली फ्रेंचमध्ये एक पुस्तक काढलं. हेमिसच्या लामानं आपल्याला ‘इस्सा’ची, म्हणजे येशूची, पोथी वाचून दाखवली असा त्याचा दावा. या कथेतला इस्सा जगन्नाथपुरी, राजगृह, वाराणसीला राहतो, वैश्य आणि शूद्रांना शिकवतो. शूद्रांना वेद ऐकायची बंदी आहे असं ब्राह्मण त्याला बजावतात, तो ऐकत नाही. ते त्याला मारायचा बेत करतात, शूद्र त्याला सावध करतात, आणि तो बुद्धाच्या जन्मभूमीकडे निघून जातो, तिथे पाली शिकतो. आपल्या पोरांना ही गोष्ट का आवडते हे वेगळं सांगायला नको. जणू कुणीतरी आपल्यासाठीच ती लिहिली!

पण त्याच वर्षी मॅक्स म्युलरनं या पुस्तकावर लेख लिहून त्यातल्या विसंगती दाखवल्या. पुढच्या वर्षी आग्र्याच्या कॉलेजातले प्राध्यापक डग्लस खुद्द हेमिसला गेले. तिथल्या प्रमुख लामानं सांगितलं, अशी पोथी इथे नाही, कधी नव्हती. हेमिस मठ सतराव्या शतकातला. पुरीचं आजचं जगन्नाथ मंदिर बाराव्या शतकातलं. नालंदा महाविहार गुप्तकाळात, पाचव्या शतकात उभा राहिला. पहिल्या शतकातला विद्यार्थी पाचव्या शतकातल्या विद्यापीठात कसा शिकेल, हे विचारायला इतिहासाची पदवी लागत नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. कारण येशूच्या माणसांनी पूर्वेला येण्याच्या कथांमध्ये आपलं कल्याण आहे, ठाणं आहे, सोपारा आहे, कान्हेरी आहे. लडाखपर्यंत धावायची गरजच नाही. आणि या कथा वाचताना दंतकथा कुठे संपते आणि नोंद कुठे सुरू होते हे शिकता येतं.

युसेबियस हा चौथ्या शतकातला चर्चचा इतिहासकार. तो सांगतो की अलेक्झांड्रियाचा पँटिनस नावाचा विद्वान ‘इंडिया’ला गेला, आणि तिथे त्याला मत्तयचं शुभवर्तमान हिब्रू अक्षरांत सापडलं. ते म्हणे येशूचा शिष्य बार्थोलोम्यू तिथे ठेवून गेला होता. एवढ्यावरून बार्थोलोम्यू कोकणात आला असं पुढे मांडलं गेलं. पेरुमालिल यांच्यासारख्या कॅथलिक अभ्यासकांनी विसाव्या शतकात असा तर्क केला, की काही जुन्या मजकुरांत बार्थोलोम्यूच्या प्रदेशाला ‘इंडिया फेलिक्स’ म्हटलं आहे, ‘फेलिक्स’ म्हणजे सुखी, मंगल, म्हणजेच आपलं कल्याण! तर्क गमतीदार आहे. पण त्या काळी अरबस्तान आणि इथिओपियालाही ‘इंडिया’ म्हणत, आणि ‘सुखी अरबस्तान’ हे तर प्रसिद्धच नाव होतं. शब्दाचं भाषांतर करून गावाचा पत्ता काढायचा म्हटलं तर उद्या कुणी आनंदवाडीलाही प्रेषित आणून बसवेल.

याच्यापेक्षा कितीतरी भक्कम नोंद सहाव्या शतकातली आहे. कॉस्मस नावाचा अलेक्झांड्रियाचा व्यापारी, जो पुढे संन्यासी झाला, त्यानं 550 च्या सुमारास लिहून ठेवलं की मिरीच्या प्रदेशात, म्हणजे मलबारात, चर्च आहे आणि ‘कल्लियाना’ इथे इराणहून नेमलेला बिशप आहे. बहुतेक अभ्यासक हे कल्लियाना म्हणजे आपलं कल्याण मानतात. तिथून तांबं, लाकूड आणि कापड बाहेर जातं असंही तो सांगतो. म्हणजे आजपासून जवळजवळ पंधराशे वर्षांपूर्वी कल्याण बंदरात इराणी ख्रिस्ती व्यापाऱ्यांची वस्ती होती आणि तिच्या देखभालीला इराणहून माणूस यायचा. यात चमत्कार नाही, प्रेषित नाही, राजाचं धर्मांतर नाही. बंदर होतं, माल होता, माणसं आली, त्यांच्याबरोबर त्यांचा देव आला. साधी गोष्ट आहे, म्हणून तिच्यावर विश्वास बसतो. पण अशी गोष्ट फॉरवर्ड होत नाही.

आणि ठाणे! एप्रिल 1321. इराणमार्गे आलेले चार ख्रिस्ती भिक्षू – तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि देमेत्रिउस – ठाण्यात मारले गेले. तेव्हा ठाणं दिल्लीच्या सुलतानाच्या अंमलाखाली होतं. ते एका नेस्टोरियन ख्रिस्ती घरात उतरले होते. त्या घरात नवरा-बायकोचं भांडण झालं, मारहाण झाली, बाई काझीकडे गेली, साक्षीदार म्हणून या भिक्षूंचं नाव निघालं. तिथून गोष्ट धर्माच्या वादावर गेली आणि चौघांचा जीव गेला. त्यांचा सोबती जॉर्डनस त्या वेळी बाहेरगावी होता, म्हणून वाचला. त्यानं त्यांना सोपाऱ्यात पुरलं. थोड्याच काळात ओडोरिक नावाचा दुसरा भिक्षू आला, त्यानं ती हाडं उकरून जहाजानं थेट चीनच्या जैतून बंदरात नेली. ठाण्यात नेस्टोरियन ख्रिस्त्यांची पंधरा घरं असल्याचंही ओडोरिकनंच नोंदवलं आहे. हत्येच्या हकिगतीत पुढे आगीनं न जळण्याचे वगैरे चमत्कार भरपूर शिरले. पण गाभा खरा आहे, कारण जॉर्डनसची त्याच काळातली पत्रं आहेत.

या जॉर्डनसजवळ मला थोडं थांबायचं आहे. ठाणे, सोपारा, भडोच असा वावरलेला हा माणूस. पुढे त्याला कोल्लमचा बिशप नेमलं. पूर्वेकडच्या नवलांवर त्यानं एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात त्यानं पाहिलेल्या भारताबद्दल लिहिताना दोन नोंदी येतात. एक : इथे इकडे-तिकडे विखुरलेले काही लोक स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात, पण त्यांचा बाप्तिस्मा झालेला नाही, धर्माची काही माहिती नाही, आणि ते संत थॉमसलाच ख्रिस्त समजतात. दुसरी नोंद ‘डुंबरी’ नावाच्या लोकांची : हे मेलेल्या जनावराचं मांस खातात, यांना कुठला देव नाही, यांना इतरांची हलकी कामं करावी लागतात आणि ओझी वाहावी लागतात.

ही नोंद वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ काही वाचू शकलो नाही. साडेसहा-सातशे वर्षांपूर्वीचा परका माणूस. त्याला जातीचं शास्त्र माहीत नाही, मनुस्मृती माहीत नाही. त्यानं डोळ्यांनी पाहिलं आणि दोन ओळींत लिहिलं : मेलेलं खातात, ओझी वाहतात. अभ्यासकांनी हे नाव डोंब जातीशी जोडलं आहे. (डोंबिवली हे नाव डोंबांच्या वस्तीवरून पडलं असंही आपल्याकडे सांगतात. जोडून टाकायचा मोह मलाही होतो. पण नुसत्या नावाच्या साम्यावरून मी डोंबिवली जोडली, तर ‘फेलिक्स’वरून कल्याण जोडणाऱ्याला कुठल्या तोंडानं हसू?)

त्या चार भिक्षूंची नावं आज सहज सापडतात. कुणी मारलं, कुठे पुरलं, हाडं कुठल्या जहाजानं गेली, सगळं आहे. डुंबरींचं मात्र एकही नाव नाही. जॉर्डनसनं त्यांचे श्रम पाहिले, त्यांना माणूस म्हणून नाव विचारलं नाही. दंतकथांची चिकित्सा करताना हा आपला पहिला प्रश्न असायला हवा : या गोष्टीत नाव कुणाला आहे आणि ओझं कुणाच्या डोक्यावर?

केरळची थॉमसकथा या प्रश्नावर घासून बघा. थॉमसची सगळ्यात जुनी गोष्ट तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला, सिरियाकडच्या एडेसा शहराच्या परिसरात लिहिली गेली. त्या गोष्टीत थॉमस भारतात यायला तयार नसतो, तेव्हा येशू त्याला हब्बान नावाच्या व्यापाऱ्याला चक्क गुलाम म्हणून विकतो. तो सुतार-गवंडी. गुदनफर राजा त्याला महाल बांधायला पैसे देतो आणि हा ते सगळे पैसे गोरगरिबांना वाटून टाकतो. राजानं विचारलं, महाल कुठे? तर म्हणतो, स्वर्गात बांधलाय. मला ही गोष्ट मनापासून आवडते. गुदनफर हे नाव काल्पनिक वाटत होतं, पण एकोणिसाव्या शतकात त्याची नाणी सापडली, तख्त-ए-बाहीचा शिलालेखही सापडला. गोंडोफर्निस हा पहिल्या शतकातला गांधाराकडचा खरा राजा निघाला. पण राजा खरा निघाला म्हणून गोष्टही खरी ठरत नाही. सिनेमात खरा मुख्यमंत्री दाखवला तरी सिनेमा तो सिनेमाच.

केरळात मात्र याच थॉमसनं सन 52 मध्ये येऊन पालयूरला नंबूद्री ब्राह्मणांना बाप्तिस्मा दिला, असं सांगितलं जातं. आणि कित्येक सिरियन ख्रिस्ती घराणी आपलं मूळ त्या ब्राह्मणांपर्यंत नेतात. पहिल्या शतकात तिथे नंबूद्रींच्या वसाहती असल्याचा पुरावा नाही, त्या काही शतकांनंतरच्या. तरी गोष्ट टिकली. का टिकली? समाजशास्त्र शिकलेल्या माणसाला याचं उत्तर अवघड नाही : जातीच्या समाजात मान मिळवायचा तर पूर्वज वरच्या जातीचा हवा. धर्म बदलला तरी बाजारभाव तोच. गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या सुतारापेक्षा त्यानं बाटवलेल्या ब्राह्मणाचा अभिमान मोठा ठरतो. आपल्या ठाणे-वसई पट्ट्यातही तेच. इथली बहुतेक धर्मांतरं पोर्तुगीज काळातली, वसई त्यांच्याकडे 1534 ला गेली त्यानंतरची. तरी काही ईस्ट इंडियन मंडळी आपली परंपरा बार्थोलोम्यूपर्यंत नेतात. सामवेदी ब्राह्मण मूळ सांगणारे कुपारी, वाडवळ, कोळी, अशा ओळखी चर्चच्या आतही टिकल्याच. मराठी ख्रिस्ती म्हटलं की आपल्या पाठ्यपुस्तकांना नारायण वामन टिळक, पंडिता रमाबाई, नीळकंठशास्त्री गोऱ्हे आठवतात. तिघंही मोठी माणसं, यात शंका नाही. पण नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनकडे गेलेल्या हजारो महार-मांगांपैकी एक नाव पटकन सांगा बघू.

बाबासाहेबांनी हे ओळखलं होतं. अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावरचे आणि धर्मांतरितांच्या स्थितीवरचे त्यांचे निबंध इंग्रजी लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात आहेत. ख्रिस्ती झाल्यावर जात गेली का, हा त्यांचा रोखठोक प्रश्न, आणि उत्तर : गेली नाही. ज्याला हे पुस्तकात नको, जिवंत उदाहरण हवं, त्यानं पोयकयिल योहन्नान यांच्याबद्दल वाचावं. 1879 साली त्रावणकोरात पराया जातीत, गुलामांच्या वंशात जन्मलेला हा माणूस. तो मार थोमा चर्चमध्ये गेला. नाव बघा, थॉमसच्याच नावाचं चर्च! तिथे उपदेशक झाला, आणि तिथली जात पाहून बाहेर पडला. 1909 च्या सुमारास त्यानं प्रत्यक्ष रक्षा दैव सभा काढली. प्रेषिताच्या नावानं चालणाऱ्या घरात त्याला बसायला जागा नव्हती. प्रेषित आला होता की नव्हता, यानं त्याच्या आयुष्यात काय फरक पडला?

हा प्रश्न जुना नाही, आजचा आहे. 1950 चा अनुसूचित जातींचा राष्ट्रपती आदेश फक्त हिंदूंना सवलत देत होता. 1956 ला त्यात शीख आले. बौद्धांना 1990 पर्यंत थांबावं लागलं, म्हणजे दीक्षाभूमीनंतर चौतीस वर्षं. दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम अजून बाहेरच आहेत. रंगनाथ मिश्रा आयोगानं 2007 मध्ये धर्माची अट काढा म्हटलं. 2022 मध्ये न्या. बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. विरोधकांचं म्हणणं ठरलेलं : हे परदेशी धर्म आहेत. त्यावर काही ख्रिस्ती मंडळी उत्तर देतात, आमचा धर्म इथे सन 52 पासून आहे, तुमच्या कित्येक मंदिरांपेक्षा जुना. टाळ्या पडतात. पण हे उत्तर समोरच्याचाच नियम मान्य करून दिलेलं आहे. जो आधी आला त्याचा देश, हा नियम एकदा मानला की मग प्रत्येकाला आपला प्रेषित दोन हजार वर्षं मागे ढकलावा लागतो. ज्या मांग बाईच्या आजोबांनी नगरकडे शंभर वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतला, तिचा हक्क काय थॉमसच्या बोटीवर अवलंबून आहे? तिला विहिरीवर ज्या कारणानं अडवलं, ते कारण तिच्या धर्माचं वय विचारत नव्हतं. आपण चौतीस वर्षं रांगेत उभे होतो. रांगेत मागे उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूनं बोलायचं तर याच मुद्द्यावर बोलावं.

आणि आपण काय करतो? त्याच बाईच्या मोबाइलवर नाताळच्या शुभेच्छांसोबत पाठवतो : तुमचा येशू आमचा भिक्खू होता.

इथे मला कान्हेरीची गोष्ट सांगायची आहे. आमच्या मानपाड्यातून येऊरचा डोंगर दिसतो. त्याच जंगलाच्या पलीकडच्या अंगाला, बोरिवलीकडून, कान्हेरीच्या लेण्या. (मधल्या डोंगराच्या पोटातून आता ठाणे–बोरिवली जुळ्या बोगद्याचं काम सुरू आहे.) पोर्तुगीज काळात हा सगळा साष्टीचा मुलूख. दिओगो दो कोउतो हा पोर्तुगीज इतिहासकार सोळाव्या शतकात इथे हिंडला. कान्हेरी पाहून तो थक्क झाला आणि साष्टीतल्या एका खूप म्हाताऱ्या माणसाला त्यानं विचारलं, हे कुणी कोरलं? म्हातारा म्हणाला : संत जोसाफातच्या बापानं. पोराला जगापासून लपवून वाढवायला.

हा संत जोसाफात कोण? युरोपभर गाजलेल्या एका ख्रिस्ती कथेचा नायक. कथा अशी सुरू होते : प्रेषित थॉमसनं भारतात धर्म नेला होता, पण पुढे अबेनेर नावाचा राजा ख्रिस्त्यांचा छळ करू लागला. त्याला मुलगा झाला. ज्योतिष्यानं सांगितलं, हा मोठा होईल पण तुझ्या राज्यात नव्हे, धर्मात. राजानं त्याला महालात कोंडलं. दुःख, म्हातारपण, मरण दिसू नये असा बंदोबस्त केला. एक दिवस राजपुत्र बाहेर पडला, त्याला रोगी दिसला, म्हातारा दिसला. पुढे बार्लाम नावाचा तपस्वी व्यापाऱ्याच्या वेशात आला, त्यानं त्याला ख्रिस्ती केलं, आणि राजपुत्रानं राज्य सोडलं.

ओळखलंत ना? ‘बोधिसत्त्व’ या शब्दाचं मध्य आशियातून अरबीत ‘बूदासफ’ झालं. अरबी लिपीत ‘ब’ आणि ‘य’ यांत ठिपक्याचाच फरक. ठिपका चुकला, ‘यूदासफ’ झालं. तिथून जॉर्जियन, ग्रीक, लॅटिन, आणि शेवटी जोसाफात. सिद्धार्थ गौतम चर्चच्या पंचांगात संत होऊन बसला, 27 नोव्हेंबर ही त्याची तिथी. 1571 मध्ये व्हेनिसच्या सत्ताधीशानं पोर्तुगालच्या राजाला या संताचं हाड भेट दिलं! ज्या माणसाला चर्चनं कल्पनेतून घडवलं, त्याचं हाडही सापडलं. आणि श्रीनगरची ती कबर, जी मिर्झा गुलाम अहमद यांनी 1899 च्या आसपास येशूची म्हणून मांडली, ती कुणाची सांगतात? ‘यूझ आसफ’ची. तेच नाव, तोच ठिपका. म्हणजे पोरं जिला येशूची कबर म्हणून फॉरवर्ड करतात, तिच्यावरचं नाव मुळात बोधिसत्त्वाचं आहे. याहून मोठा विनोद मला माहीत नाही.

पण कान्हेरीचा म्हातारा विनोदी नाही. तो काय सांगतोय ते नीट ऐका. ज्या डोंगरात हजार वर्षांहून जास्त काळ भिक्खूसंघ राहिला, त्या डोंगराच्या पायथ्याच्या माणसाला बुद्ध हे नाव माहीत नव्हतं. बुद्ध त्याला परत मिळाला तो पाद्र्यांच्या गोष्टीतून, परक्या संताचा झगा घालून. आधी इथल्या मातीतून बुद्ध पुसला गेला, मग त्या रिकाम्या जागेत कुणाचीही गोष्ट मावली. कोउतोच्या बाजूनं एवढं सांगायला हवं की त्यानं प्रामाणिकपणे लिहिलं : जोसाफात आणि इथले लोक ज्याच्या गोष्टी सांगतात तो ‘बुदाँव’ एकच असू शकेल. युरोपातल्या पंडितांनी हे सिद्ध करायला 1859-60 उजाडलं.

आता बाबासाहेबांकडे बघा. जगभर फिरून जोसाफात झालेली ती गोष्ट म्हणजे रोगी, म्हातारा आणि प्रेत पाहून झालेलं वैराग्य. बुद्धाच्या चरित्रातला सगळ्यात लोकप्रिय प्रसंग. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’च्या प्रास्ताविकात बाबासाहेबांनी पहिलाच प्रश्न याच प्रसंगावर उभा केला. एकोणतीस वर्षांच्या माणसानं तोवर म्हातारा पाहिला नव्हता, हे पटतं का? नाही पटत. मग त्यांनी ती गोष्ट बाजूला ठेवली आणि शाक्य-कोलियांचा रोहिणीच्या पाण्याचा तंटा पुढे आणला. गोष्ट आपल्या बाजूची होती, सुंदर होती, दोन हजार वर्षं चालत आली होती, जगानं स्वीकारली होती. तरी विवेकाला पटली नाही म्हणून सोडली. ज्या माणसानं स्वतःच्या शास्त्याच्या चरित्रालाही सूट दिली नाही, त्याचे अनुयायी नोटोव्हिचला सूट देतात. कालामांना दिलेला उपदेश आपण भिंतीवर लावतो. परंपरेनं आलं म्हणून, ऐकीव आहे म्हणून मानू नका. त्यात ‘आपल्या फायद्याचं असेल तर मात्र माना’ असं कुठे आहे?

खोटेपणापेक्षाही मला दुसरी गोष्ट जास्त बोचते. बावीस प्रतिज्ञांतली पाचवी आठवा. बुद्ध विष्णूचा अवतार आहे हे आपण नाकारतो, तो खोटा प्रचार मानतो. का? कारण अवतार म्हणणं हा गौरव नसतो, गिळणं असतं. तुमचा माणूस आमच्या यादीत नवव्या नंबरावर, म्हणजे तुम्ही वेगळे नाहीच, या घरी. चर्चनं जोसाफात करून तेच केलं, अर्थात नकळत. आणि आपण ‘येशू बौद्ध भिक्खू होता’ म्हणतो तेव्हा तेच करतो. शेजारच्या चाळीतल्या ख्रिस्ती कुटुंबाला आपण सांगतो की तुमच्या देवाला जे काही चांगलं सुचलं ते आमच्याकडून. त्यांच्या येशूनं त्याच्या देशातल्या पुरोहितांशी भांडण केलं, ते त्याच्याच मातीतलं, रोमन अंमलातलं भांडण. त्याला आपल्या नालंदेचं प्रमाणपत्र कशाला हवं? विचारांची देवाणघेवाण झाली असेल, बंदरं होती, व्यापारी होते, कुणी नाकारत नाही. पण देवाणघेवाण वेगळी आणि मालकी वेगळी.

एका मित्राचा आक्षेप आहे : समोरचे रोज नवा इतिहास बनवतात, आपण पुरावे मोजत बसलो तर मागे पडू. मला हे पटत नाही. ते इतिहास बनवू शकतात कारण त्यांच्या हातात पाठ्यपुस्तक आहे, चॅनेल आहे, मंत्रालय आहे. आपल्या हातात फक्त एक गोष्ट आहे, आपण सांगतो ते तपासता येतं. ती सोडली की त्यांच्याशी खोटं बोलण्याची स्पर्धा उरते, आणि त्या स्पर्धेत आपण कधी जिंकणार नाही.

शिवाय पुरावे कमी आहेत असंही नाही. सोपाऱ्याबद्दलही आपल्याकडे दंतकथा आहे. पूर्ण नावाच्या व्यापाऱ्यानं तिथे चंदनाचा विहार बांधला आणि बुद्ध आकाशमार्गे आले, असं दिव्यावदान सांगतं. आकाशमार्ग सोडून द्या. पण 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप खणला, त्यात करंडक निघाला, कांस्याच्या बुद्धमूर्ती निघाल्या. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, 1956 मध्ये नवव्याचाही मिळाला. बरोबर 1956! (योगायोग आहे, त्यावरून मजकूर बनवू नका.)

आणि कल्याण. त्या इराणी बिशपच्या आधी तीन-चारशे वर्षं कल्याणची माणसं कान्हेरीला दान देत होती, आणि ते दगडावर कोरून ठेवत होती. त्यांत राजे थोडे, कारागीर आणि व्यापारी जास्त. कल्याणचा सोनार सामिदत, त्यानं पाण्याची पोढी दिली. कल्याणचा लोहार नंद, ब्राह्मी लेखात ‘कमार नद’, यानं वाट करून दिली. डोंगरावर चढायची वाट! लोहारानं. स्वतःचं नाव, स्वतःचा धंदा, स्वतःचं गाव, लपवाछपवी नाही, कुठल्या ब्राह्मणाचा वंशज असल्याचा दावा नाही. जॉर्डनसच्या डुंबरींना नाव नव्हतं. त्याच्या हजारेक वर्षं आधी याच मुलखात हातानं काम करणाऱ्या माणसाला नाव होतं आणि ते दगडात कोरायचा मान होता. मधल्या काळात ते नाव कुणी काढून घेतलं, हा आपल्या चळवळीचा प्रश्न आहे. बाबासाहेबांनी क्रांती आणि प्रतिक्रांतीबद्दल जे मांडलं, ते इथे, आपल्या घरापासून एका बसच्या अंतरावर, शोधता येतं. त्या मजकुराच्या जागी एखाद्या मुलानं कमार नदवर चार ओळी लिहिल्या असत्या, तर मी स्वतः त्या शंभर जणांना पाठवल्या असत्या.

तर यंदा नाताळच्या आधीच्या रविवारी अभ्यासवर्ग कान्हेरीत आहे. मानपाड्याहून सकाळी सात वाजता बोरिवलीची बस धरू. शेजारच्या चाळीतल्या ख्रिस्ती मुलांनाही सांगितलं आहे, तिघं येणार म्हणालेत. ब्राह्मीची बाराखडी पाठ करून या, निदान क, म, र, न, द एवढी अक्षरं तरी. वाचताना लागतील. टॉर्च आणि पाण्याची बाटली आणा. पोढ्यांतलं पाणी पिऊ नका.

जय भीम.